गनमॅनची दुनळी आणि आपली खुमखुमी

खंडेनवमीच्या सकाळी माझ्या आतेभावाने मला एक रील पाठवलं. पाटावर लाल कापड, त्यावर झेंडूची माळ घातलेली काळीकुळकुळीत बंदूक, शेजारी नारळ, हळदकुंकू, आणि मागे छाती फुगवायला लावणारं गाणं. बंदूक त्याची नव्हती, रीलही त्याचं नव्हतं. खाली मेसेज होता : ‘दादा, आपल्याला अशीच घ्यायचीय. सेमी-ऑटो. लायसन्सचं काम करून देणारा कोणी ओळखीचा आहे का?’

भाऊ तेवीस वर्षांचा आहे. अंजूरच्या बाजूला त्यांची भाताची जमीन होती, ती गोडाऊनवाल्यांना गेली. पैसे आले, स्कॉर्पिओ आली, गळ्यात चेन आली. आता बंदूक यायची राहिलीय. मुलगा वाईट नाही. गावात रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं की याचीच गाडी निघते. पण त्याच्यासारखे डझनभर तरी माझ्या फोनमध्ये आहेत. कोणाला बंदूक घ्यायचीय, कोणाला ‘मॉडिफाय’ करायचीय, कोणाला नुसतं हातात धरून उभं राहायचंय. त्यांना एकेकट्याला समजावून मी कंटाळलो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आमच्या घरी कामतघरला खंडेनवमीला लूम बंद असायचे. वर्षात असे दिवस मोजकेच. बाबा धोटे पुसून ओळीने मांडायचे, मेस्त्री आपले पाने-पकडी मांडायचा, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. आणि आईच्या माहेरी, अंबाडीच्या पुढे, आजोबांची एकनळी बाहेर निघायची. शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर. रानडुकरं भात लोळवून टाकायची म्हणून घेतलेली. मी ती उडालेली आयुष्यात एकदाच ऐकली, तीही हवेत. दुसऱ्या दिवशी डुकरं परत आली.

आजोबांची पूजा पंधरा मिनिटांची आणि त्याआधीची साफसफाई दोन तासांची. बंदूक मोडायची, म्हणजे बिजागरीपाशी वाकवून उघडायची. आत काडतूस नाही ना, हे डोळ्यांनी बघायचं, मग बोट घालून बघायचं. गजाला चिंधी बांधून नळीतून ओढायची. पहिली चिंधी काळी निघायची, दुसरी तांबूस, असं करत करत एक पांढरी निघेपर्यंत. मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, जास्त नाही, कारण जास्त तेल लाकडी दस्त्यात मुरतं आणि लाकूड कुजवतं. शेवटी नळी दाराच्या उजेडाकडे धरून आत बघायचं. ‘आत आरसा दिसला पाहिजे,’ ते म्हणायचे. एवढं सगळं चाललेलं असताना नळीचं तोंड चुकून कोणाकडे वळलं की पाठीत धपाटा. रिकामी आहे, हे उत्तर त्या घरात चालत नव्हतं.

आमच्या घरात बंदूक म्हणजे हे असं रटाळ काम होतं. भावाने पाठवलेल्या रीलमध्ये यातलं काहीच नव्हतं.

आता ही सेमी-ऑटो म्हणजे काय, ते बघू. कारण ज्यांना ती हवी आहे त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती बीजीएमआयमध्येच बघितलीय. गेममध्ये एस-१२-के मिळते, ती रशियन सायगावरून घेतलेली. एस-१८९७ ही विंचेस्टरची जुनी पंप बंदूक, आणि एस-६८६ ही इटालियन घाटाची दुनळी. घरात शिरायचं, जमिनीवर पडलेली उचलायची, चोक लावायचा, मॅगझिन लावायचं, झालं. गेममधली बंदूक गंजत नाही, ओली होत नाही, तिला परवाना लागत नाही, आणि ती ठेवायला कपाटही लागत नाही.

खऱ्या जगात साध्या दुनळीत दोन काडतुसं बसतात. दोन बार झाले की मोडायची, रिकामी काढायची, नवी भरायची. पंप बंदुकीत पुढची मूठ हाताने मागे-पुढे ओढली की नवं काडतूस चढतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम बंदूक स्वतः करते. चाप एकदा ओढला की एक बार. त्या बाराच्या धक्क्याने किंवा वायूच्या दाबाने रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि दुसरं आत जातं. जॉन ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन कारागिराने १९०० साली याचं पेटंट घेतलं आणि १९०२ पासून बेल्जियममध्ये ती बंदूक बनायला लागली. म्हणजे भाऊ ज्याला ‘लेटेस्ट’ म्हणतो ती वस्तू सव्वाशे वर्षांची आहे. (आणि बारा बोअर म्हणजे बारा मिलिमीटर नव्हे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअर. साधारण साडेअठरा मिलिमीटर.)

लूमवाल्या घरातल्या माणसाला यातली मेख लगेच कळते. साध्या लूमवर कांडी संपली की कारागीर लूम थांबवतो, धोटा बदलतो, परत चालू करतो. ऑटो लूम हे स्वतः करतो, आणि म्हणूनच बिघडला की चार मेस्त्री लागतात. बाबा म्हणायचे, जी मशीन स्वतःहून जास्त काम करते ती मालकाकडून जास्त काम करून घेते. सेमी-ऑटो शॉटगनचं तेच आहे. दारूची काजळी वायूच्या भोकात बसते, काडतूस थोडं कमजोर असलं की यंत्रणा अर्ध्यावर अडकते, काडतूस दमट होऊन फुगलं की तेही अडकतं. भिवंडीचे पावसाळ्याचे चार महिने डोळ्यांसमोर आणा. इथे भिंतीवरचा रंग टिकत नाही.

आता लायसन्स. भिवंडी शहर आणि आसपासचा पट्टा ठाणे पोलिस आयुक्तालयात येतो, त्यामुळे मुलांना वाटतं ठाण्याला कोणीतरी ‘सेटिंग’वाला भेटला की काम झालं. शस्त्र नियम, २०१६ यांची पहिली अनुसूची उघडून बघा. नेटवर फुकट आहे, रील बघण्यापेक्षा कमी डेटा जातो. सर्वसाधारण माणसाला मिळणारी मागून भरायची बारा बोअर तिसऱ्या वर्गात आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचे अपवाद सोडले तर सेमी-ऑटोमॅटिक बंदुका पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक वर्गात आहेत. वीस इंचांपेक्षा कमी नळीची छऱ्याची बंदूकही तिथेच. त्या वर्गाचा निर्णय दिल्लीत गृह मंत्रालयात होतो. तिथे ‘आमच्या अंजूरला जमीन विकली आणि आता जरा बरं दिसायला हवं’ हे कारण चालत नाही.

आणि ते मॉडिफिकेशन. बुलेटचा सायलेन्सर बदलावा तसं बंदुकीचं करता येतं, असा एक समज पसरलाय. शस्त्र अधिनियम, १९५९ चं सहावं कलम नळी आखूड करण्याबद्दल आणि नकली बंदुकीची खरी करण्याबद्दल आहे. परवान्याशिवाय हे केलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. कमीत कमी सात. आवाज दाबायची नळकांडी सरळ पहिल्या वर्गात. त्याच दुरुस्तीने लग्नात, वाढदिवसाला हवेत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असंही घातलं. आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील, असंही. ज्यांना हे माहीत नाही ते रील टाकतात, म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्धचा पुरावा फोरके क्वालिटीत चढवतात.

पण कायद्याची भीती घालून मला हा लेख संपवायचा नाही. कायदा कडक आहे म्हणून नको, एवढंच कारण असेल तर उद्या कायदा सैल झाला की घ्यायला हरकत नाही, असं होईल. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या गावात मी राहतो त्या गावात बंदूक जवळून बघायची असेल तर ती रोज दिसते. आपण तिच्याकडे बघत नाही, कारण ती एका गरीब माणसाच्या खांद्यावर असते.

मी ज्या गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघतो तिथल्या गेटवर एक गनमॅन आहे. आम्ही त्याला चाचा म्हणतो. वय अठ्ठावन्न, गाव उत्तर प्रदेशात. गार्ड आणि गनमॅन यांच्यात फरक असतो, हे तुमच्यातल्या अनेकांना माहीत नसेल. गार्डला एजन्सी काठी आणि शिट्टी देते. गनमॅन स्वतःची बंदूक आणि स्वतःचं लायसन्स घेऊन येतो. म्हणूनच त्याला घेतात. त्याचा पगार गार्डपेक्षा थोडा जास्त असतो, आणि त्या ‘थोडा जास्त’मध्ये बंदुकीचा सगळा खर्च त्याचा. तेल त्याचं, काडतुसं त्याची, दुरुस्ती त्याची. लायसन्सच्या नूतनीकरणाला गावी जायचं तर रेल्वेचं तिकीट त्याचं आणि कापलेला पगारही त्याचाच.

चाचाची दुनळी मुंगेरची आहे, वडिलांकडून आलेली. दस्त्याला मनगटापाशी उभी चीर गेलीय. ती त्याने एम-सीलने भरलीय आणि वरून तांब्याची तार गुंडाळलीय. तार त्याने आमच्याच गोडाऊनच्या जळलेल्या मोटरमधून घेतली. आमच्या भिवंडीत मी प्रत्यक्ष बघितलेलं बंदुकीचं एकमेव मॉडिफिकेशन हे. पट्ट्यात पाच काडतुसं आहेत, पुण्याच्या खडकीच्या कारखान्याची. पितळी बूड हिरवट झालंय. किती वर्षांची आहेत, विचारलं तर म्हणाला, ‘तुझं लग्न कधी झालं?’ मी म्हटलं २०१६ ला. म्हणाला, ‘त्याच्या आधीची.’

उडतील का?

‘उडालं तर पुढच्याला लागेल. नळी फाटली तर मला लागेल.’ हे तो हसून सांगतो. मला हसू येत नाही, कारण मी त्या गेटवरून रोज चार वेळा जातो.

ड्युटी संपली की ती बंदूक कुठे जाते? चाचा चार जणांबरोबर दहा बाय दहाच्या खोलीत राहतो. बंदूक चादरीत गुंडाळून पलंगाखाली, काडतुसं उशीच्या अभ्र्यात. बंदूक कुलपात ठेवावी, दुसऱ्याच्या हाती लागू नये, ही जबाबदारी कायद्याने परवानाधारकावर टाकलीय. त्याच्या खोलीला कुलूप लावायला दाराची कडी धड नाही. एजन्सीला हे माहीत आहे. आमच्या कंपनीला माहीत आहे. मलाही माहीत आहे आणि मी सात वर्षं गप्प आहे, हेही इथे लिहून ठेवतो.

२०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या. आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. चाचाची दोन्ही वेळा जमा झाली. त्या आठवड्यांत एजन्सीने त्याला गनमॅनचा पगार दिला नाही, साध्या गार्डचा दिला. बंदूक नाही तर बंदुकीचे पैसे नाहीत, असा त्यांचा हिशेब. परत मिळाली तेव्हा नळीला गंज चढला होता. पावती होती, गंजाची नोंद कुठे करायची हे त्याला कोणी सांगितलं नाही. गंमत म्हणजे त्या आठवड्यांत तो हातात नुसती काठी घेऊन गेटवर उभा होता आणि आमच्या गोडाऊनला काहीही फरक पडला नाही. ट्रक आले, ट्रक गेले.

सात वर्षांत मी चोऱ्या बघितल्यात. शाम्पूचे बॉक्स गेले, मोबाईलची कव्हरं गेली, एकदा अख्खा पॅलेट मिक्सर गेले. सगळे गेटपासवर गेले. आतल्या माणसाने कागद केला, ड्रायव्हरने गाडी लावली, चाचाने कागद बघून सलाम ठोकला. दुनळीने यात काय करायचं होतं? सेमी-ऑटो असती तर काय केलं असतं, पाच वेळा सलाम?

यावर भाऊ म्हणतो ते मला पाठ झालंय. ‘दादा, गुंडांकडे कट्टे आहेत. कायदा फक्त सरळ माणसाला नि:शस्त्र करतो.’ हा मुद्दा खोटा नाही. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेचा २०१७ चा अंदाज आहे की भारतात सामान्य लोकांच्या हातात ७ कोटींहून जास्त बंदुका आहेत आणि त्यातल्या नोंदलेल्या फक्त ९७ लाखांच्या आसपास. म्हणजे बहुतेक बंदुका बेकायदा आहेत. भिवंडीत कट्टा मिळत नाही, असं म्हणणारा माणूस एकतर भिवंडीचा नाही किंवा पोलिस प्रवक्ता आहे.

पण पुढचं पाऊल बघा. कट्टेवाला माणूस तुम्हाला गाठतो तो कोपऱ्यावर, बाईकवरून, तीन सेकंदांत. तुमची चार फुटांची शॉटगन त्या वेळी घरात कपाटात आहे. असलीच पाहिजे, कारण भरलेली बंदूक गाडीच्या सीटवर टाकून कल्याण नाक्याला वडापाव खायला जाता येत नाही. रात्री चोर आला तर? अंधारात, झोपेत, ज्या घरात आई पाणी प्यायला उठते आणि धाकटा भाऊ उशिरा येतो, त्या घरात तुम्ही छऱ्याची बंदूक चालवणार. छरे पसरतात. म्हणूनच ती पक्ष्यांसाठी बनली. नळीचा चोक घट्ट केला तर ते कमी पसरतात, आणि ते नेमकं कुठे जाणार हे कागदाच्या टार्गेटवर शंभरेक काडतुसं झाडल्याशिवाय कळत नाही. शंभर काडतुसं झाडायला कुठली रेंज आहे, तिथे कोण नेणार, आणि परवान्यावर एका वर्षात किती काडतुसं लिहून मिळतात, हे प्रश्न मी भावाला विचारले. त्याने मला अंगठ्याचा इमोजी पाठवला.

ज्यांना खरंच नेमबाजी करायचीय त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. कोल्हापूरने देशाला तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली, २०२४ ला पॅरिसला ब्राँझ जिंकणारा स्वप्नील कुसाळे दिला. राज्यवर्धन राठोडने २००४ मध्ये अथेन्सला रौप्य मिळवलं ते शॉटगनवर. पण ऑलिंपिकचे ट्रॅप आणि स्कीटचे नेमबाज बघा. जवळजवळ सगळ्यांच्या हातात एकावर एक नळी असलेली दुनळी असते. दोन बार, बस. मोडून खांद्यावर ठेवली की समोरच्याला लांबूनही दिसतं की ती रिकामी आहे. ज्यांचं पोट या खेळावर आहे ते आजोबांच्याच पद्धतीने वागतात.

आता कायदेशीर बंदुकांकडे या. ‘लायसन्स असलेला माणूस जबाबदार असतो’ हे गृहीत धरूनच तुम्ही सगळे अर्ज करता. २ फेब्रुवारी २०२४ ला आपल्याच जिल्ह्यात, उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आणि गुन्हा दाखल झाला एका आमदारावर, वादाचं मूळ जमीन. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. पण ती जागा पोलिस ठाणं होती, हे लक्षात ठेवा. सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाइव्ह चालू असताना मारलं. पोलिसांनी सांगितलं की वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं. अंगरक्षक, म्हणजे आमच्या चाचाचा महागडा भाऊबंद. मालकाला पाहिजे तेव्हा नोकराची बंदूक मालकाची होते, हे त्या एका प्रकरणात सगळ्या राज्याने मोबाईलवर बघितलं.

आणि बीड. तिथे हजाराहून अधिक परवाने वाटले गेल्याचं संतोष देशमुखांच्या खुनानंतर सगळ्या महाराष्ट्राला कळलं. हवेत गोळीबाराचे व्हिडिओ फिरले, मग प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. त्या परवान्यांच्या अर्जांवर काय कारणं लिहिली होती, हे मला फार वाचायचं आहे. भावालाही वाचून दाखवायचं आहे.

भिवंडीला तर हा धडा शिकायला बीडपर्यंत जायची गरज नाही. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर हे गाव पेटलं, न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. मे १९८४ ला परत पेटलं. बाबांनी दोन्ही बघितलं. ते त्याबद्दल बोलायचे नाहीत, फक्त लूमचा आवाज अचानक थांबला की खिडकीशी जायचे. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे नावाचे पोलिस उपायुक्त इथे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. दोन्ही बाजूंची माणसं, आणि त्या मोहल्ल्याची जबाबदारी दिलेला साधा शिपाई, ठरलेल्या वेळी एकत्र बसायची. नळाचं पाणी, पोरांची भांडणं, कर्जाचे वाद, असल्याच गोष्टी तिथे निघायच्या. बाबा दोनेक बैठकांना गेले होते. ‘चहा वाईट असायचा,’ एवढीच त्यांची आठवण. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये खाडीपलीकडची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी, देशातलं दंगलीचं बदनाम गाव, शांत राहिली.

कोणी म्हणेल, त्यानंतरचं सांग. सांगतो. जुलै २००६ मध्ये निजामपुऱ्यात पोलिस ठाण्याच्या जागेवरून परत भडका उडाला, दोन पोलिसांना जीव गमवावा लागला, पोलिसांच्या गोळीबारातही माणसं गेली. कमिट्या तोवर पहिल्यासारख्या राहिल्या नव्हत्या. शेजाऱ्याबरोबर वाईट चहा पिणं हे काम नळीतून चिंधी ओढण्यासारखं आहे, एक पावसाळा सोडला की गंज चढतो. पण १९९२ ला इथे जे वाचलं ते कोणाच्या कपाटातल्या बारा बोअरने वाचलं नाही, हे भिवंडीच्या पोराला तरी सांगावं लागू नये. या गावात दोन्ही बाजूंच्या हजार-हजार कपाटांत सेमी-ऑटो असत्या तर ६ डिसेंबरची रात्र कशी गेली असती? स्वतःला विचारून बघा. तुम्ही तुमच्या गल्लीपुरता विचार करता, पण शेजारच्या गल्लीतला मुलगाही तेच रील बघतोय.

‘परदेशात तर सगळे ठेवतात’ म्हणणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. २८ एप्रिल १९९६ ला ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना मारलं. त्यानंतर त्या देशाने सेमी-ऑटोमॅटिक रायफलींबरोबर सेमी-ऑटो आणि पंप शॉटगनही सामान्य माणसाच्या हातून काढल्या, पैसे देऊन सहा लाखांहून जास्त बंदुका परत घेतल्या आणि नष्ट केल्या. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारली गेली. त्या हल्लेखोराकडे साधं लायसन्स होतं. रीतसर घेतलेल्या बंदुकांना त्याने जास्त गोळ्यांची मॅगझिनं लावली. मॉडिफिकेशन! महिनाभरात तिथल्या संसदेने काही अपवाद वगळता सेमी-ऑटोमॅटिकवर बंदी घातली, ११९ विरुद्ध १ मतांनी. त्या देशात मेंढपाळ आहेत, शिकारी आहेत, बंदुकीची जुनी सवय आहे. तरी ११९ विरुद्ध १.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी भाऊ मला घ्यायला गोडाऊनला आला. गेटवर चाचा होता. भावाने दुनळी बघितली आणि त्याचे डोळे चमकले, फोन बाहेर निघाला. चाचाने तळहात आडवा धरला. ‘फोटो नाही बेटा, लायसन्स माझं जाईल.’ मग त्याने स्वतःच बंदूक मोडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली, नळ्यांचं तोंड आभाळाकडे केलं आणि म्हणाला, ‘खालून बघ.’

भावाने बघितलं. बराच वेळ बघितलं. मीही बघितलं. एका नळीत गोल गोल खड्डे होते, जुन्या पाइपला असतात तसे.

‘ही साफ नाही होणार?’

‘गंज पुसता येतो, खड्डा नाही.’

गाडीत बसल्यावर भावाने विचारलं, त्याला पगार किती? मी सांगितलं. त्याने एकदा परत विचारलं, महिन्याचा? मग कशेळीच्या पुलापर्यंत गाणी लावली नाहीत.

तेवढ्याने तो सुधारला, असं मी म्हणणार नाही. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. सेमी-ऑटोचा नाद सुटलाय, आता ‘साधी दुनळी तरी’ म्हणतो. फॉर्म त्याने स्वतःच डाउनलोड केलाय, एजंट न धरता. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, जन्मतारीख लिहिली. बंदूक कशासाठी हवी, त्या रकान्यापाशी अडकलाय.

‘दादा, इथे काय लिहू?’

मी म्हटलं, जे खरं आहे ते लिही.

फोनवर गाडीचा इंडिकेटर टिकटिक करत होता. म्हणाला, ‘थांब, नंतर करतो.’